उत्तरेच्या कोपऱ्यातले सहा प्लॉट

अणदूर
रविवार, १४ जुलै २०२४

मामा, पाया पडतो.

निकिता, हे पत्र आजोबांना सावकाश वाचून दाखव. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. ते 'बास' म्हणाले तर थांब, पण कागद जपून ठेव. दुसऱ्या दिवशी त्यांचं मन झालं तर उरलेलं वाच.

मी आळंदला चार वेळा फोन केला. माझा आवाज ओळखला की तुम्ही ठेवता. त्यात तुमचं काही चुकत नाही. म्हणून लिहितो. आई म्हणाली, "माझा भाऊ फोनवर बोलंना, त्येला कागुद लिवून काय हुणार? त्येला वाचता तरी येतंय का?" तरी लिहितो.

बातमी अशी, की मला एक काम मिळालं आहे आणि ते तुमच्यामुळं मिळालं आहे. माळावरच्या रोपवनात मी अजून वॉचमन आहेच. मागच्या महिन्यात सोलापूरहून प्रतीक्षा मॅडम आल्या. त्यांना त्या रोपवनात झाडांखाली काय काय उगवतं ते मोजायचं आहे. झाडं मोजायची नाहीत. कडुलिंब, करंज, गिरिपुष्प, सुबाभूळ किती लावली ते वनखात्याच्या कार्यालयात कागदावर आहेच. त्यांच्या खाली आपोआप काय येतं, ते कुणी लिहिलेलं नाही.

मॅडमनी पायाजवळच्या एका रोपाकडं बोट दाखवून रणधीर गार्डसाहेबांना विचारलं, "हे काय?" ते म्हणाले, "गवत." मी मागं उभा होतो. माझ्या तोंडून गेलं, "केना." मग त्यांनी दुसरं दाखवलं. भुईआवळी. तिसरं, पाथरी. असं करत सतरा नावं झाली. एक चुकलं असावं, अजून मला त्याची शंका आहे. मॅडमनी विचारलं, "हे कुठं शिकलास?"

मी म्हणालो, "घरी."

तुमचं नाव घ्यायला तोंड नव्हतं. बारावीला इंग्रजीत राहिलो आणि सगळे म्हणाले याचं डोकं गेलं, तेव्हा तुम्ही दोन वर्षं मला शेळ्यांमागं हिंडवलं. "नाव मागनं इचार. आधी शेळी त्येच्याशी काय करती ते बघ." पान चुरगाळून वास घ्यायला लावायचात. मी प्रत्येक नाव वहीत लिहायचो आणि तुम्ही हसायचात, "ह्यो मास्तर माझ्या शेळ्यांची परीक्षा घेनार." ती वही माझ्याकडं आहे. मॅडमना तीच दाखवली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला रोजावर घेतलं. वॉचमनकी सांभाळून हे काम करायला गार्डसाहेबांनी हरकत घेतली नाही.

एवढंच सांगायचं होतं. उपकार मानतो.

शिवशंकर


अणदूर
रविवार, १ सप्टेंबर २०२४

मामा, पाया पडतो.

पहिलं पत्र पोचलं असावं. परत आलं नाही, म्हणजे पोचलं.

कामाची रीत सांगतो, तुम्हाला गंमत वाटेल. मॅडमच्या फोनवर नकाशात टिंब येतं. टिंब जिथं पडेल तिथं जाऊन चार खुंट्या ठोकायच्या आणि भोवती दोरी मारायची, एक मीटर लांब, एक मीटर रुंद. त्याला प्लॉट म्हणतात. आत किती जातीची रोपं, प्रत्येकाची किती, जमीन किती झाकली, सगळं तक्त्यात भरायचं. असे चाळीस प्लॉट. वीस तारेच्या आतल्या बंद पट्ट्यात, वीस ओढ्यापलीकडच्या खुल्या पट्ट्यात. मी एकदा म्हणालो, "मॅडम, दोन पावलं डावीकडं घेऊ, तिथं काटा नाही." त्या म्हणाल्या, "काट्यात पडलं तर काट्यात. आपण जागा निवडायला लागलो की मोजणी संपली."

माझ्या हातून एक घोटाळा झाला. पहिले दहा प्लॉट मारून मॅडम चार दिवस सोलापूरला गेल्या. जाताना म्हणाल्या, "प्लॉटवर लक्ष ठेव." आपल्याकडं दोरी मारलेली जागा म्हणजे वाफा. मी खुरपं घेऊन तीन आणि चार नंबरचे प्लॉट स्वच्छ करून टाकले. कडा तासल्या, खडे वेचले. पाचवा करायला बसलो आणि पाऊस आला म्हणून तो वाचला.

मॅडम आल्या. वाकून तासलेल्या कडा बघितल्या. "हे कुणी केलं?"

"मी. तुम्ही येणार म्हणून."

त्या दगडावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला वाटलं, काम गेलं. पण त्यांनी तक्ता घेतला आणि लिहिलं, 'प्लॉट ३ व ४, मोजणीपूर्वी सहायकाने खुरपले.' तारीख घातली. मी म्हणालो, "हे दोन काढून टाकू, मॅडम, दुसरे मारू." त्या म्हणाल्या, "चूक झाली की ती लिहायची. लिहिली की ती माहिती होते. लपवली की खोटं होतं." त्या रात्री मला झोप लागली नाही. का, ते पुढं कधीतरी सांगेन.

बंद पट्ट्यात वाईट अवस्था आहे. सुबाभळीचं बी पडून पडून तिचीच रोपं कमरेएवढी माजली आहेत. खाली ऊन नाही. एका प्लॉटात आठ जाती, एकात नऊ. खुल्या पट्ट्यात उलट. तिथं गावची सगळी जनावरं बारा महिने, म्हणून तरोटा आणि सराटा सोडून फार काही टिकत नाही. पण बंद पट्ट्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात सहा प्लॉट पडले. तिथं सुबाभळीचं रोप औषधाला नाही. ऊन गाळून खाली येतं. मारवेल, पवना, शंखपुष्पी, कुर्डू, माका, शतावरीचे कोंब. सर्वांत कमी निघाल्या त्या प्लॉटात एकोणतीस जाती, सर्वांत जास्त निघाल्या त्यात चौतीस. मी तीनदा मोजलं.

तक्त्यात एक रकाना असतो, 'चराईच्या खुणा आहेत का?' मी नीट पाहिलं. लेंडी नव्हती. खूर उमटलेला नव्हता. खुडलेला शेंडा नव्हता. सहाही ठिकाणी 'नाही' लिहिलं. खुणा नव्हत्या, हे खरंच आहे.

तो कोपरा तुम्हाला माहीत आहे.

शिवशंकर


अणदूर
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

मामा, पाया पडतो.

निकिता, हे पत्र घरात दुसरं कुणी नसताना वाच.

मॅडमची पहिली बेरीज झाली. त्या खूश आहेत. बंद पट्ट्याची सरासरी खुल्या पट्ट्याच्या जवळजवळ दुप्पट आली. ती त्या सहा प्लॉटांनी ओढून आणली आहे. कार्यालय पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करतंय आणि त्यात मॅडमचा अहवाल जोडायचा आहे. अहवालात येणार, की कुंपण घातल्यानं वनस्पती वाढल्या, सबब खुला पट्टाही बंद करावा.

परवा ओढ्याजवळ शिवकांता काकू भेटली. बारा शेळ्या घेऊन बसली होती. तिला कुठूनतरी कळलंच होतं.

"काय रे शिवा, त्या बाईसंगं दोरी लावत फिरतोस. आमाला हाकलायचं माप घेताय व्हय?"

"तसं नाही, काकू. रोपं मोजतो."

"मोज की. रोपं मोज, मग शेळ्या मोज, मग मला मोज. आन् वहीत लिव्ह, शिवकांता जास्तीची निघाली." मग हसली आणि मला पिशवीतली भाकरी दिली. ती भाकरी मी तशीच घरी आणली.

कारण मला माहीत आहे की तो कोपरा कधी बंद नव्हताच. २०२१ च्या पावसाळ्यापासून तुमच्या शेळ्या तिथं येत होत्या. तार मी सोडली होती. तुम्ही मागितलं नव्हतं. तुमच्या नेहमीच्या पडीक रानावर सोलरचं काम सुरू झालं आणि तुम्ही दोन दिवस शेळ्या दावणीलाच ठेवल्या, ते मला बघवलं नाही. मी खांबाजवळची तार सोडून आकड्यात अडकवून ठेवली आणि आईजवळ निरोप दिला. दीड वर्ष तुम्ही उजाडताना आणायचात आणि ऊन चढायच्या आत न्यायचात.

आणि ११ फेब्रुवारी २०२३, शनिवार. मोठ्या साहेबांची जीप न कळवता आली. मला धुरळा दिसला. मी पळत कोपऱ्यात आलो. तुम्हाला वाटलं, सावध करायला आलो. तुम्ही 'काय रे शिवा' म्हणायला तोंड उघडलं होतं. मी ओरडलो, "ए म्हाताऱ्या, कुठला हायेस? आत कसा घुसलास?"

साहेबांनी मला विचारलं, "ओळखतोस का याला?"

मी म्हणालो, "नाही."

तुमची बघण्याची रीत मला आठवते. राग नव्हता. एखादं ओळखीचं पान चुरगाळून भलताच वास यावा, तसे तुम्ही बघत होता. साहेबांनी विचारलं, "तार कुणी सोडली?" तुम्ही म्हणालात, "सुटलेलीच हुती." मीच पुढं होऊन शेळ्या कोंडवाड्यात घातल्या. घरी डालाखाली झाकलेली करडं संध्याकाळपर्यंत ओरडत होती, ते आईनं सांगितलं. महिन्याभरात तुम्ही शेळ्या विकल्या आणि लेकीकडं आळंदला गेलात.

तुम्ही माझं नाव घेतलं असतं तर त्याच दिवशी माझी नोकरी गेली असती. घेतलं नाहीत. मी दीड वर्ष त्या नोकरीवर जेवतो आहे. हे मी कुणाजवळ बोललेलो नाही.

आता मॅडमना सांगावं तर नोकरी जाते. न सांगावं तर माझ्या 'नाही' वरून शिवकांता काकूचा पट्टा बंद होतो, आणि जे तुमच्या हातानं झालं ते तारेच्या नावावर जातं. मला भीती वाटते. तक्ता रोज उघडून तो रकाना बघतो.

शिवशंकर


अणदूर
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

मामा, पाया पडतो.

सांगितलं.

मंगळवारी सांगितलं. सकाळपासून सांगीन म्हणत होतो, दुपारी डबा उघडल्यावर सांगितलं. मॅडमची पोळी हातातच राहिली. त्यांनी पहिला प्रश्न असा विचारला, "किती शेळ्या?" मला रागावतील, रडायला येईल, असं काय काय मी मनात ठरवून गेलो होतो. शेळ्या किती, हे ठरवून गेलो नव्हतो.

मी म्हणालो, "अठ्ठेचाळीस." मग त्यांनी वही काढली. कोणत्या महिन्यात? रोज का? किती वेळ? मला येत होतं तेवढं सांगितलं. तुम्ही एका बाजूला तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवत नव्हता. आणि भादव्यापासून दिवाळीपर्यंत तुम्ही त्या कोपऱ्यात पाऊल ठेवत नव्हता, शेळ्या बांधावरून फिरवायचात. मी विचारलं होतं तेव्हा म्हणाला होतात, "बी पडाया पायजे. आत्ता खाल्लं तर पुढल्या साली काय खातील, तुझी वही?"

हे मॅडमनी वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे सुबाभळीची रोपं शेळ्यांनी संपवली आणि बाकीच्यांना बी धरायला वेळ मिळाला." लगेच म्हणाल्या, "एका कोपऱ्यावरून सिद्ध काही होत नाही. पण कुंपणामुळं झालं, हे आता मी लिहू शकत नाही." मी माझ्या हातानं सहाही तक्त्यांवर 'नाही' खोडून 'होय, २०२१ ते फेब्रुवारी २०२३' लिहिलं आणि सही केली. अक्षर बरं आलं. आधी पाठकोऱ्या कागदावर लिहून पाहिलं होतं.

पण हे कार्यालयाला कळवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. आराखडा त्यांचा आहे. मी म्हणालो, "कळवा." घरी येऊन आईला सांगितलं. तिनं ताट पुढं सरकवलं आणि म्हणाली, "दीड वर्सं तू धड जेवला न्हाईस, मला वाटलं पोटात जंत झाले."

मॅडमना अजून माहिती हवी आहे आणि ती फक्त तुमच्याजवळ आहे. शेळ्या नक्की किती होत्या. त्यात मेंढ्या होत्या का. तुम्ही काही फांद्या तोडून टाकायचात का. निकिता, आजोबा बोलले तर फोनवर सांग, नाही बोलले तर त्यांना त्रास देऊ नको.

मामा, चांगलं काही माझ्या हातून झालं असेल, तर त्याचं मूळ तुमच्याजवळ आहे. हे लिहायला मला लाज वाटत नाही. बाकीची वाटते.

शिवशंकर


अणदूर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

मामा, पाया पडतो.

तुमचं उत्तर नाही. मी वाट बघतो असं समजू नका. बघतोच, पण समजू नका.

रणधीर गार्डसाहेबांनी काल निरोप दिला. सोमवारी, ९ डिसेंबरला, माझा जबाब घेणार. ते चांगले बोलले. "अरे, दीड वर्सं मी गस्तीला येत होतो, मला एक शेळी दिसली न्हाय. मला काय बक्षीस मिळणार हाय?" मग म्हणाले, "जे झालं ते लिही, पण पान भरून लिहू नको. तुझी सवय मला माहीत हाय."

मॅडम अहवालात एक पान तुमच्या चराईच्या रीतीवर घालणार आहेत. त्यात तुमचं नाव घालायचं का, ते विचारायला सांगितलं आहे. नको असेल तर 'एक अनुभवी मेंढपाळ' असं लिहितील. मी म्हणालो, माझ्या मामांनी आयुष्यात एकही मेंढी पाळली नाही, शेळ्या पाळल्या. त्यांनी सुधारून घेतलं.

शिवशंकर


अणदूर
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

मामा, पाया पडतो.

शनिवारी तुमचा फोन आला. मी तुरीला पाणी देत होतो. निकिताचा नंबर बघून उचलला आणि तुम्ही एकदम म्हणालात, "अठ्ठेचाळीस न्हाय. त्रेपन्न. पाच पाटी, अजून न व्यालेल्या, धरल्या न्हाईस तू. तुला मोजायला शिकवलं का शेण भरायला?"

मोटार चालू, पाणी वाफा फोडून शेजारच्या रानात गेलं, मला कळलं नाही. तुम्ही सांगत होता आणि मी तळहातावर लिहीत होतो. मेंढी एकही न्हाय. फांदी तोडली ती फक्त सुबाभळीची, खाली वाकवून, म्हाताऱ्या शेळीला पोचावी म्हणून. शतावरीला हात लावू दिला न्हाय, काठीनं राखली. तळहात भरला तेव्हा मनगटावर लिहिलं. घरी येऊन सगळं कागदावर उतरवलं आणि मगच हात धुतले.

शेवटी तुम्ही म्हणालात, "सोमवारी तुझा जबाब हाय म्हनं. तार म्या सोडली म्हणून लिव्ह. मला काय, मी कर्नाटकात बसलोय. हितं येऊन माझं काय वाकडं करणार हायेत? तुझी नोकरी तेवढी राहील. तुझी आई हाय मागं." आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवलात.

मामा, शनिवार आणि रविवार मी त्याचा विचार केला. खोटं सांगत नाही, रविवारी दुपारपर्यंत मला ते पटत आलं होतं. तुम्ही स्वतः सांगितलं आहे, मोठ्याचं ऐकावं, असं मी मनाशी म्हणत होतो. मग माझ्या ध्यानात आलं, की एकदा तुमच्या गप्प राहण्यावर मी दीड वर्ष जेवलो, आता तुमच्या बोलण्यावर जेवायला बसतो आहे.

काल जबाब दिला. गार्डसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे पान भरून लिहिलं नाही. अकरा ओळी झाल्या. 'तार मी स्वतः सोडली. कुणी सांगितलं नव्हतं.' साहेबांनी विचारलं, "हा धुळाप्पा तुझा कोण?" मी म्हणालो, "सख्खा मामा." ते म्हणाले, "त्या दिवशी तर ओळखत नव्हतास." मी म्हणालो, "ओळखत होतो. भ्यालो होतो." हेही त्यांनी लिहून घेतलं. ती बारावी ओळ.

वॉचमनकी गेली. खोलीची किल्ली, शिट्टी, टॉर्च जमा केली, पोच घेतली. साहेब फार बोलले नाहीत. जाताना एवढं म्हणाले, की खुला पट्टा आत्ताच बंद करायचा नाही, पुढच्या वर्षी थोड्या भागात तुमच्या रीतीनं चराई करून बघायची, असा मॅडमचा अर्ज त्यांच्या टेबलावर आहे. होईल की नाही, ते त्यांनाही माहीत नाही. शिवकांता काकूला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी आता धुळाप्पाच्या नावानं आमी दिवाळीपतोर उपाशी?" पण तिनं आईकडं खरवस पाठवला.

मॅडमचं काम मार्चपर्यंत आहे. त्यानंतरचं मला माहीत नाही. नेहमीसारखी काळजी वाटते, पण भीती वाटत नाही. या दोन्हींत फरक आहे, हे मला या वर्षी कळलं.

तुम्ही माझ्यासाठी दुसऱ्यांदा खोटं बोलायला तयार झालात. पहिल्या वेळी मी तुम्हाला धन्यवाद दिले नाहीत. आता देतो, आणि तुमचं ऐकलं नाही याची क्षमाही मागतो.

नाव घालायचं असेल तर संमतीच्या कागदावर तुमचा अंगठा लागतो. मॅडम म्हणाल्या, टपालानं चालणार नाही, समोर बसून सगळं वाचून दाखवायचं आणि मगच घ्यायचा. म्हणून पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळच्या गाडीनं उमरग्याला येतो, तिथून आळंद. बारापर्यंत दारात असेन. कागद दीड पानाचा आहे. ऐकून झाल्यावर अंगठा द्यायचा का नाही, ते तुम्ही ठरवा. मला जेवायला बसवायचं का नाही, तेही.

तुमचा भाचा,
शिवशंकर